दाखला आणि दाखिला : विद्यार्थी गोळा करण्याच्या प्रवासाचे उर्दू व मराठी लेखन

शिक्षणसंस्थांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या तर एक वाक्य थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते : संस्थापकांनी गावोगाव फिरून विद्यार्थी गोळा केले. पायाभरणी समारंभाला दोन पाने मिळतात, देणगीदारांच्या नामावलीला चार-पाच, मान्यवरांच्या शुभसंदेशांना त्याहून अधिक. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप झाला ती मुले संस्थेच्या दारापर्यंत कशी आली, याला मात्र हे एकच वाक्य. त्या वाक्यात एस.टी.चा प्रवास आहे, अनोळखी घरातील ओसरी आहे, आईबापांचा नकार आहे. पण ते कुणी लिहीत नाही. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत शिक्षणप्रसारकांची चरित्रे, आत्मचरित्रे व प्रवासवर्णने विपुल आहेत. त्यांत या दारोदारीचे काय झाले, ती कुणी लिहिली, कुणी टाळली आणि कुणाच्या नावावर नंतर चढवली गेली, याचा शोध प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

संकेश्वरासारख्या गावातून पाहिले तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. हुक्केरी तालुक्यातील हे गाव हिरण्यकेशीच्या काठी आणि पुणे-बंगळूर महामार्गावर वसले आहे. मिरची आणि साखर कारखाना यांसाठी ते ओळखले जाते. त्याच नदीवर वरच्या अंगाला गडहिंग्लज आहे. नदी एक, राज्ये दोन. उत्तरेस तंबाखूची निपाणी. निपाणीला लागूनच अर्जुननगर येथे देवचंद कॉलेज उभे आहे, ते मात्र महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, आणि संलग्न आहे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून या पट्ट्यातल्या मुलाच्या शिक्षणाचा रस्ता दोन मंडळांतून आणि दोन विद्यापीठांतून जातो. शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. कर्नाटकाच्या बाजूला आधी धारवाड आणि २०१० पासून बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ. घरात दखनी किंवा मराठी, शाळेत उर्दू, सरकारी कागदावर कन्नड, आणि कॉलेज कोणत्या भाषेत ते अजून ठरायचे, अशा घराच्या दारात जो माणूस प्रवेशाचे माहितीपत्रक घेऊन उभा राहतो, त्याला पहिल्या वाक्याची भाषा निवडण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

या माणसाचा हंगाम एप्रिल-मेपासून जुलैपर्यंतचा. अमेरिकेत कॉलेजांचे प्रवेश-अधिकारी सप्टेंबर ते नोव्हेंबर या शरदाच्या महिन्यांत शाळाशाळांतून हिंडतात, कारण तिथे पुढच्या वर्षाचे अर्ज त्याच सुमारास भरले जातात. आपल्याकडे शरद ऋतू उजाडतो तेव्हा प्रवेश संपलेले असतात आणि उसाचा गळीत हंगाम तोंडावर असतो. साखर पट्ट्यात त्या दिवसांत मुलांचा प्रवास उलट्या दिशेने होतो. तोडणी कामगारांची मुले आईबापांबरोबर फडावर जातात आणि हजेरीपटावरची त्यांची नावे नुसती नावे उरतात. पटावर नाव असणे आणि वर्गात मूल असणे यांत किती अंतर पडू शकते, हे महाराष्ट्र शासनाने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत केलेल्या पटपडताळणीत उघड झालेच होते.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अरबी 'दख्ल' म्हणजे आत शिरणे. त्यावरून उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. कन्नडमध्ये त्याच धातूपासून आलेला 'दाखलाती' हा शब्द शाळेतील नावनोंदणीसाठी वापरात आहे. मराठीत मात्र 'दाखला' म्हणजे शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र. एक मूल एका टेबलावर 'दाखला' देते आणि 'दाखिला' घेते. सीमाभागातल्या कारकुनाला यात काही गंमत वाटत नाही. त्याचा तो रोजचा व्यवहार आहे. समीक्षकाला मात्र यात एक सूत्र सापडते. आत घेण्याचे लेखन आणि बाहेर पडण्याचे लेखन यांतले पहिले भरपूर झाले आहे. दुसरे, म्हणजे मूल कोणते घर, कोणती भाषा, कोणती कामे सोडून आले त्याचे लेखन, फार थोडे.

उर्दूतला पहिला महत्त्वाचा ग्रंथ 'सफरनामा-ए-पंजाब'. सर सय्यद अहमद खाँ १८८४ च्या प्रारंभी अलीगढच्या कॉलेजसाठी पंजाबात गेले. मदरसा १८७५ मध्ये सुरू झाला होता, कॉलेजची पायाभरणी जानेवारी १८७७ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या हस्ते झाली होती, पण पैसा आणि मुले या दोन्हींची निकड संपलेली नव्हती. लुधियाना, जालंधर, अमृतसर, गुरुदासपूर, लाहोर असा तो दौरा. सोबत असलेल्या मौलवी सय्यद इक्बाल अली यांनी तो त्याच वर्षी ग्रंथरूप केला. हा सफरनामा प्रवासवर्णन म्हणून वाचायला घेणाऱ्याची निराशा होते. त्यात रस्ता जवळजवळ नाही. आहेत ती स्टेशनवरची स्वागते, मानपत्रे, मानपत्रांना दिलेली उत्तरे. सर सय्यद एका शामियान्यातून दुसऱ्या शामियान्यात जातात. मधले घर वाचकाला दिसत नाही. याला इक्बाल अलींचा दोष म्हणता येणार नाही. त्यांना कॉलेजच्या बाजूने जनमत उभे करायचे होते आणि जनमत सभेत मोजता येते, ओसरीवर येत नाही. तरी त्याचा एक परिणाम झाला. पुढे शिक्षणप्रसारकाच्या प्रवासाचे उर्दू लेखन याच साच्यात बसले : गाव, सभा, तकरीर, चंदा.

या ग्रंथाची खरी किंमत गुरुदासपूरच्या प्रसंगात आहे. तिथल्या स्त्रियांनी सर सय्यदांना मानपत्र आणि देणगी दिली. म्हणजे शामियान्याच्या बाहेरचे घर एकदा तरी स्वतःहून बोलले. सर सय्यदांनी आभार मानले आणि उत्तरात जे सांगितले ते आज वाचताना जड जाते. मुलींसाठी नवे शिक्षण त्यांना तूर्त नको होते. घरातली जुनी तालीम त्यांच्या मते पुरेशी होती आणि पुरुष शिकले की स्त्रियांचे आपोआप होईल असा त्यांचा विश्वास होता. समर्थक हा भाग काळाची मर्यादा म्हणून पुढे ढकलतात, विरोधक तेवढाच भाग काढून दाखवतात. दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. सफरनाम्याने मानपत्रही छापले आणि उत्तरही छापले. देणाऱ्या हातांना दारातून परत पाठवले गेले याची नोंद संस्थेच्या स्वतःच्या प्रचारग्रंथात शिल्लक राहिली. पुढच्या शंभर वर्षांतल्या किती स्मरणिकांना एवढे धाडस झाले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

हालींच्या 'हयात-ए-जावेद'मध्ये (१९०१) या भटकंतीला चरित्राची खोली येते. कॉलेजसाठी सर सय्यदांनी काय काय केले याची यादीच तिथे होते : लॉटरी काढली, पुस्तके विकली, उतारवयात रंगमंचावरही उभे राहिले. हालींना यात अपमान दिसत नाही, निष्ठा दिसते. परंतु हालींनीही मोजले ते पैसे. मुले कोण होती, कोणत्या घरांतून आली, हे कळायला डेव्हिड लेलीवेल्ड या अमेरिकन इतिहासकाराच्या १९७८ च्या इंग्रजी ग्रंथापर्यंत थांबावे लागले. अलीगढची पहिली पिढी मुख्यतः सरकारी नोकरीची परंपरा असलेल्या घरांतून आली, असे त्यात दिसते. म्हणजे ज्या दारावर थाप मारली ती दारे आधीच अर्धी उघडी होती. विणकराच्या, भिश्त्याच्या, बागवानाच्या दारापर्यंत हा प्रवास क्वचितच पोचला.

एक अपवाद सांगितला पाहिजे. १८९० मध्ये अलीगढला 'अंजुमन-अल-फर्ज' स्थापन झाली. साहिबजादा आफताब अहमद खाँ यांचा त्यात पुढाकार होता. कॉलेजचे विद्यार्थीच सुट्टीत गावोगाव जात, गरीब मुलांसाठी पैसे जमवत आणि कॉलेजविषयीचे गैरसमज दूर करत. इथे दारात उभा राहणारा माणूस प्रथमच बदलतो. तो संस्थापक नाही, पगारी नोकर नाही. तो स्वतः नुकताच आत शिरलेला आहे. 'आमच्या मुलाचा धर्म बिघडेल' असे म्हणणाऱ्या बापापुढे न बिघडलेला एक मुलगा उभा करणे, यापेक्षा चांगले माहितीपत्रक कोणते? आजच्या कॉलेजांना ही युक्ती नवी वाटते. ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

मराठीकडे वळल्यावर प्रथम भेटतात ते धोंडो केशव कर्वे. त्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ चे. कर्वे गणिताचे प्राध्यापक आणि पुस्तकाची शैलीही गणिताची. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली, १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास गेला, सुट्ट्या वर्गणीसाठी फिरण्यात गेल्या, हे सारे ते हिशेबाच्या वहीसारखे मांडतात. अलंकार नाही, आवेश नाही. उर्दू सफरनाम्यांच्या तुलनेत हा कोरडेपणा एका अर्थी प्रामाणिक आहे. दारातून परत येण्याचा प्रसंगही ते जमेइतक्याच शांतपणे लिहितात. पण अनाथ बालिकाश्रमाची विद्यार्थिनी म्हणजे विधवा मुलगी. ती घराबाहेर काढणे म्हणजे पैसे मिळवण्याहून किती अवघड काम! सासर, माहेर, भिक्षुक, शेजार या सगळ्यांशी झालेली ती झटापट कर्व्यांच्या संयमी गद्यात पुरती उमटत नाही. पैशाचा हिशेब लिहायला रकाने होते. या हिशेबाला नव्हते.

तो हिशेब दुसऱ्या बाजूने आला. आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. गोदूबाई या नावाच्या बालविधवेला तिच्या भावाने मुंबईस आणले आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात घातले. १८८९ मध्ये उघडलेल्या त्या सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत ती होती. १८९३ मध्ये तिचा कर्व्यांशी विवाह झाला. ज्या मुलीला संस्थेच्या इतिहासात 'दाखल झाली' एवढे क्रियापद मिळाले असते, ती इथे कर्ता होऊन बोलते. नवऱ्याचे आत्मवृत्त आणि बायकोचे पुराण ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की दाखिला आणि दाखला यांचा फरक स्पष्ट होतो. पहिल्यात संस्था कशी उभी राहिली ते कळते. दुसऱ्यात त्या संस्थेसाठी घरातल्या माणसांनी काय सोडले ते कळते, आणि तेही रागलोभासकट.

या सर्व लेखनात सर्वांत मोलाचे पुस्तक मात्र आनंदीबाईंच्या धाकट्या बहिणीचे आहे. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८). पार्वतीबाई तरुणपणी विधवा झाल्या, प्रौढ वयात शिकल्या, हिंगण्याच्या कामात आल्या आणि अनेक वर्षे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या. १९१८ ते १९२० या काळात त्या अमेरिकेत होत्या आणि इंग्रजी शिकता यावे म्हणून तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. या पुस्तकाची चर्चा बहुधा विधवेचे आत्मकथन म्हणून होते. ते आहेच. परंतु ते दारोदार फिरणाऱ्या प्रतिनिधीचेही आत्मकथन आहे, आणि तसे वाचले तर त्याची ताकद वाढते.

कारण इथे दारात कोण उभे आहे ते पाहावे. सोवळी, केशवपन केलेली विधवा. प्रवासाला निघताना समोर आली तर लोक परत फिरत, ती बाई. तिचे येणेच अपशकुन, आणि तीच संस्थेचा आवाज होऊन येते. घरात तिला बसायला सांगायचे की नाही इथपासून प्रश्न. सर सय्यदांना स्टेशनवर हार घालणारे लोक होते, कर्व्यांना प्राध्यापकीची प्रतिष्ठा होती. पार्वतीबाईंजवळ स्वतःच्या आयुष्याखेरीज पुरावा नव्हता. पुढे १९१२ च्या सुमारास त्यांनी केशवपन सोडले तेव्हा टीका झाली ती वेगळीच. त्यांची मते सर्वत्र पुरोगामी नव्हती. स्त्रीच्या गृहधर्मावर त्यांचा भर होता आणि पुनर्विवाहाविषयी त्या बहिणीच्या वाटेने गेल्या नाहीत. त्यामुळे आजच्या वाचकाला त्या अडखळवतात. पण दारातल्या माणसाचे मत आणि आतल्या माणसाचे मत यांत फार अंतर नसले की बोलणे सुरू राहते, हे व्यवहारज्ञान त्यांच्या लेखनात आहे. क्रांतिकारकांच्या पुस्तकांत ते सहसा सापडत नाही.

मुस्लिम मुलींच्या शिक्षणाच्या संदर्भात याला तोलामोलाचे उदाहरण शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांचे. १९०६ मध्ये अलीगढला त्यांनी मुलींची शाळा काढली, १९१४ मध्ये वसतिगृह. सुरुवातीच्या दिवसांत मुली डोलीतून आणल्या जात. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर शेख अब्दुल्लांनी दार ओलांडायला सांगितले नाही, दारच उचलून शाळेत आणले. पडदा मोडायचा नाही, पडद्याला चालते करायचे. याला तडजोड म्हणणारे आहेत. पण त्या डोल्या नसत्या तर पुढचे महिला महाविद्यालयही नसते. आणि त्याच घरात वाढलेली मुलगी, रशीद जहाँ, १९३२ मध्ये 'अंगारे'ची सहलेखिका झाली. वहीद जहाँ बेगमचे चरित्र शेख अब्दुल्लांनी १९५४ मध्ये लिहिले, म्हणजे इथेही बायकोची गोष्ट नवऱ्याच्या लेखणीतूनच आली. आनंदीबाईंसारखे पुराण वहीद जहाँनी लिहिले असते तर उर्दू गद्याला केवढी भर पडली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

संकेश्वरपासून फार दूर नसलेल्या कुंभोजला, हातकणंगले तालुक्यात, २२ सप्टेंबर १८८७ रोजी भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते तेथील वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. भाऊरावांविषयीच्या लेखनात एक तपशील नेहमी प्रस्तावनेसारखा येतो आणि मागे पडतो. ते फिरते विक्रेते होते. ओगले काचकारखाना, किर्लोस्कर, नंतर साताऱ्याचे कूपर या कारखान्यांसाठी त्यांनी काम केले. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. चरित्रकार हा भाग उदरनिर्वाह म्हणून सांगतात आणि 'खऱ्या कार्याकडे' वळतात. वस्तुतः खरे कार्य इथेच घडत होते. लाकडी नांगर सोडून लोखंडी घ्यायला जो शेतकरी तयार होत नाही त्याच्याशी कसे बोलावे, त्याच्या शंकेचा राग न धरता पुन्हा कधी जावे, घरातला निर्णय नक्की कोण घेते हे कसे ओळखावे, हे शिक्षण त्यांना कोणत्या अध्यापक विद्यालयात मिळाले असते? शिक्षणक्षेत्रात 'विक्रेता' हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो. भाऊरावांच्या बाबतीत तो निःसंकोच वापरायला हवा.

मात्र नांगर विकून झाला की विक्रेत्याचे काम संपते. भाऊरावांचे तेथून पुढे सुरू होई. आणलेले मूल जेवायला घालायचे होते. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत बसत, स्वतःच्या श्रमावर शिकत. वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, अखेर मंगळसूत्रही गेले, ही कथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती सांगितली जाते ती भाऊरावांच्या त्यागाची कथा म्हणून. दागिने कुणाचे होते, एवढा साधा प्रश्न विचारला की चरित्राचा तोल बदलतो. भाऊराव गावोगाव हिंडत तेव्हा आणलेल्या मुलांचे रात्रीचे जेवण, आजारपण, रडणे कुणाच्या वाट्याला होते? दारोदार जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे दार सांभाळणारे कुणीतरी आहे. रयतेच्या चरित्रलेखनाने लक्ष्मीबाईंना देव्हारा दिला. आवाज दिला असे म्हणता येत नाही. त्यातल्या त्यात वसतिगृहात वाढलेल्यांचे लेखन वेगळे पडते. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे भाऊरावांचे विद्यार्थी, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र भक्तीने भरलेले आहे, तरी ती आत आलेल्या मुलाची भक्ती आहे. सभेतल्या पाहुण्याची नव्हे.

दारोदारीचे लेखन जिथे नसते तिथे ते नंतर निर्माण होते, याचे सर्वांत नाजूक उदाहरण फातिमा शेख यांचे. नाजूक अशासाठी की मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या सभागृहांत आज त्यांची तसबीर आहे आणि ९ जानेवारीला जयंती होते. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या त्या पत्रात तो काळजीचा, ओझरता आहे. त्या एका उल्लेखावर गेल्या काही दशकांत संपूर्ण चरित्र उभे राहिले. त्या मुस्लिम मोहल्ल्यांतून घरोघर गेल्या, तासन्‌तास आईबापांची समजूत घातली, मुलींना हात धरून शाळेत आणले, असे भाषणांतून आणि लेखांतून ठामपणे सांगितले जाते. जानेवारी २०२५ मध्ये याची उलट टोकाची प्रतिक्रिया आली आणि फातिमा शेख ही व्यक्तीच काल्पनिक असल्याचा दावा केला गेला. पत्र समोर असताना तो दावा टिकत नाही. पण घरोघर फिरण्याचे रसाळ वर्णनही त्या पत्रावर टिकत नाही, हे आपल्याच मंडळींनी आधी सांगायला हवे होते. प्रेमापोटी वाढवलेले चरित्र शत्रूच्या हाती सर्वांत सोपे शस्त्र देते. आणि यात एक करुण योगायोग आहे. ज्यांनी खरोखर दारे ठोठावली त्यांनी ते लिहिले नाही. जिच्याविषयी काहीच लिहिलेले नाही तिच्या नावावर सगळी दारे लिहिली गेली.

आता पुन्हा संकेश्वर. विनाअनुदानित कॉलेजातल्या शिक्षकाला उन्हाळ्यात प्रवेशाचे 'टार्गेट' दिले जाते, ही गोष्ट महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सारखीच रूढ आहे. यावर लिहिले जाते ते उपहासाने : प्राध्यापक दारोदार फिरतो, शिक्षणाचा बाजार झाला. उपहास अगदीच अनाठायी नाही. वर्गातल्या रिकाम्या बाकांवर शिक्षकाची नोकरी टांगलेली असेल तर त्याच्या बोलण्यात पालकाला ती भीती ऐकू येतेच. तरीही सर सय्यदांचा चंदा पूज्य आणि या शिक्षकाची पिशवी हास्यास्पद, ही विभागणी तपासून पाहावी लागते. अलीगढलाही फी भरणारी मुले हवी होती. भाऊरावही विक्रेते होते. फरक दारातल्या बोलण्यात शोधून सापडणार नाही. तो दाखिल्यानंतरच्या महिन्यांत आहे. जुन्या प्रवाशाने आणलेले मूल त्याच्या डोळ्यासमोर वाढे. आजच्या शिक्षकाने तवंदी घाट उतरून निपाणीच्या पलीकडून आणलेली मुलगी ऑक्टोबरात वर्गात आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्याच्या टार्गेटमध्ये धरलेले नसते.

माहितीपत्रक हाही एक वाङ्मयप्रकार मानून वाचायला हरकत नाही. त्यातली क्रियापदे नेहमी संस्थेची असतात : संस्था घडवते, संस्था देते, संस्था पोहोचवते. मुलीच्या बापाचा प्रश्न मात्र साधा असतो. बस किती वाजता सुटते, परत किती वाजता येते, आणि मधे कोण असते. २०२२ मध्ये त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली. ५ फेब्रुवारीला कर्नाटक शासनाचा गणवेशाबाबतचा आदेश निघाला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो उचलून धरला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. डोक्यावर ओढणी घेतलेल्या मुलीला वर्गात बसू देणार का, या प्रश्नाचे उत्तर छापील पत्रकात नव्हते. ते दारात उभ्या असलेल्या माणसालाच द्यायचे होते, आणि त्याच्या हातात तर निकालही नव्हता. १८८४ मध्ये गुरुदासपूरच्या स्त्रियांनी पडद्यामागून विचारले ते आणि इथल्या बापाने ओसरीवर विचारले ते, यांत पडदा तोच राहिला. तो आडवा येतो म्हणून थांबवणारे मात्र बदलले.

अशा फेऱ्यांचे लेखन आजही होते, फक्त त्याला कुणी लेखन म्हणत नाही. प्रवेशासाठी फिरणाऱ्याजवळ एक वही असते. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, गाव, शेवटची परीक्षा, फोन, आणि उजवीकडे 'शेरा' या नावाचा अरुंद रकाना. आधीचे सगळे रकाने कार्यालयासाठी. शेऱ्याच्या रकान्यात दार असते : कळवतो म्हणाले, मामांना विचारून, लग्न ठरले, भाऊ नाही म्हणाला, कन्नड येत नाही, तंबाखूच्या वखारीत आहे, संध्याकाळी भेटा, आई हो म्हणते. उर्दू, मराठी, कन्नड अशा तिन्ही भाषांत, कधी एकाच ओळीत. 'माझी कहाणी'नंतर या विषयावर एवढे थेट गद्य दुसरीकडे सापडणे कठीण. जुलैअखेर प्रवेश बंद झाले की नावे संगणकावर चढतात, शेरा चढत नाही, आणि वही रद्दीच्या गठ्ठ्यात जाते.